कैली तेल व वजनी तेल

जुने जमाखर्च वाचणारांस एक अडचण वारंवार येते, पण ती बहुधा कोणी बोलून दाखवीत नाहीं. धान्य, तूप, तेल, गूळ यांच्या नोंदींत शेर व मण हे शब्द पानोपानीं असतात. तो शेर मापाचा कीं तराजूचा, हें पाहिल्यावांचून नक्कल करणारा पुढें जातो, आणि त्या नकलेवरून भावाचें कोष्टक करणारा सर्व आंकडे एकाच रकान्यांत बसवितो. धान्याच्या बाबतींत ही चूक लवकर उघडकीस येते. कारण धान्याचें माप व वजन यांत अंतर मोठें असून तें धान्यागणिक बदलतें. तेलाच्या बाबतींत ती लपून राहते. तेलाचें माप व वजन यांतील अंतर इतकें थोडें कीं तें डोळ्यांस खुपत नाहीं; पण सोडून द्यावें इतकें तें थोडेंही नाहीं. हें अंतर किती, तें कोणकोणत्या कारणांनीं पडतें, आणि कैली नोंद वजनांत आणावयाची असल्यास काय काय पाहावें, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयीं. ‘कैल’ म्हणजे मापून घेणें व ‘वजन’ म्हणजे तोलून घेणें. दोन्ही शब्द मूळचे अरबी. मुसलमानी धर्मशास्त्राच्या ग्रंथांत देवघेवीच्या वस्तूंचे मापावयाच्या व तोलावयाच्या असे दोन वर्ग केलेले असून एका वर्गाचे नियम दुसऱ्यास सरसकट लावीत नाहींत. दफ्तराच्या भाषेबरोबर हे शब्द मराठींत आले आणि मोडी कागदांतून कैली व वजनी अशा जोडीनें रूढ झाले. अर्थात् नोंदींतील ‘कैली’ हें पद शोभेसाठीं घातलेलें नसून तो आंकडा कोणत्या रीतीनें निघाला याची तीच खूण होय. नक्कल करतांना हें पद गाळलें तर आंकडा राहतो व त्याचा अर्थ जातो.

असा अर्थ गेला म्हणजे काय अनर्थ होतो, हें एका कल्पित उदाहरणानें दाखवितों. समजा, एका देवस्थानांत नंदादीपास रोज पावशेर तेल कैली लागतें. वर्षाचे दिवस हिशेबाच्या सोईसाठीं ३६० धरले, तर खर्च ९० शेर कैली होतो. माप असें समजावें कीं त्यांत बरोबर ८० तोळे पाणी मावतें. तिळाचें, करडईचें, भुइमुगाचें किंवा नारळाचें तेल नेहमींच्या उष्णमानांत पाण्याच्या सुमारें ०.९२ पट भरतें. म्हणून त्या मापांत तेल ७३.६ तोळेच मावेल. ९० शेर कैली म्हणजे ६,६२४ तोळे, अर्थात् ८० तोळ्यांच्या शेरानें ८२ शेर ६४ तोळे वजनी. आतां देवस्थानानें बाजारांत तेल तोलून घेतलें व समईंत मापून घातलें, तर खरेदीच्या बाजूस ८२ शेर ६४ तोळे व खर्चाच्या बाजूस ९० शेर लिहिलें जाईल. दोन्ही आंकडे खरे आहेत. तथापि ‘कैली’ व ‘वजनी’ हीं पदें न पाहणारा संशोधक म्हणेल कीं कारकुनानें खर्च सात शेरांनीं फुगविला. फरकाचे ७ शेर १६ तोळे तेल म्हणजे त्या दिव्याचा सुमारें एक महिन्याचा खर्च होय. मेलेल्या माणसास उत्तर देतां येत नाहीं. म्हणून त्याच्यावर आरोप ठेवण्यापूर्वीं आपलें गणित तपासणें हें आपलें कर्तव्य ठरतें.

दिव्यासाठीं तेल मोजून देण्याचा प्रघात महाराष्ट्रांत किती जुना आहे, हें चाळीसगांवाजवळील पाटण येथील शिलालेखावरून दिसून येतें. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं प्रसिद्धीस आणलेला हा शके ११२८ चा लेख विद्वानांस परिचित आहेच. भास्कराचार्याचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या पदरीं ज्योतिषी होता. त्यानें आपल्या आजोबाचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला व निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास दान दिलें. लेखाचा बराच भाग संस्कृत असून शेवटीं मराठी आहे, आणि व्यवहाराची खरी माहिती या मराठी भागांतच सांपडते. गांवांत जितके घाणे चालतील तितक्यांमागें पळी पळी तेल मठास द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. त्यास लागूनच असें आहे कीं, जें कांहीं मापावयाचें तें मठाच्या मापानें मापावें, आणि मापण्याचा मोबदला निम्मा मठास व निम्मा मापणारास जावा.

या दोन वाक्यांचें महत्त्व आमच्या विषयास फार आहे. पळी हें भांडें होय. चार कर्षांचें जें ‘पळ’ तें वजन वेगळें. तेव्हां हें तेलाचें दान कैली होतें, वजनी नव्हतें, असें आम्हांस वाटतें. आणि पुढच्याच वाक्यांत मापाचा उल्लेख असल्यानें या समजुतीस बळकटी येते. दुसरें असें कीं, नुसतें ‘पळी’ म्हणून भागत नाहीं, ती कोणाची पळी हें सांगावें लागतें, ही गोष्ट दान देणारास ठाऊक होती. ज्याच्या हातीं माप त्याच्या हातीं तंट्याचा निकाल. म्हणून मापाचें स्वामित्व दानपत्रांतच लिहून ठेविलें. या मठाची ती पळी आज आपल्यापुढें नाहीं. ती मिळाल्यावांचून ‘पळी म्हणजे इतके तोळे’ असें समीकरण लिहिणें म्हणजे लेखांत नसलेली माहिती त्यांत घालणें होय.

ज्या भास्कराचार्याच्या ग्रंथांसाठीं हा मठ निघाला, त्याच्या शके १०७२ मधील लीलावतींत मापांचें कोष्टक दिलेलें आहे. एक हात लांब, एक हात रुंद व एक हात खोल अशा जागेंत जें धान्य मावेल ती मगधदेशची खारी. खारीचा सोळावा हिस्सा द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ व प्रस्थाचा चौथा कुडव. म्हणजे एका खारींत १,०२४ कुडव झाले. हात २४ अंगुळांचा धरला तर खारी १३,८२४ घन अंगुळांची होते, आणि एका कुडवास १३॥ घन अंगुळें येतात. येथें माप लांबीवरून ठरविलें आहे. वजनाचा त्यांत संबंध नाहीं.

आतां वैद्यांची शार्ङ्गधरसंहिता पाहावी. तीमध्यें कुडवाचें भांडें चार अंगुळें रुंद व चार अंगुळें उंच करावें असें सांगितलें आहे. भांडें चौकोनी धरलें तर तें ६४ घन अंगुळांचें होतें, वाटोळें धरलें तर सुमारें ५० चें. लीलावतीच्या कुडवाच्या हें जवळजवळ चौपट किंवा त्याहूनही अधिक झालें. नांव तेंच, ग्रंथ दोन्ही प्रमाण, आणि भांड्यांत एवढा भेद! जुन्या औषधी तेलांच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांनीं हा भेद विशेष ध्यानांत ठेवावा. गणिताच्या पोथींतील कोष्टक वैद्यकाच्या पोथीस लावल्यास तेल तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकेंही पडावयाचें नाहीं.

त्याच वैद्यकपरंपरेंत द्रवद्वैगुण्य म्हणून एक परिभाषा आहे. शार्ङ्गधराच्या मतें गुंजेपासून कुडवापर्यंत कोरड्या, ओल्या व पातळ द्रव्यांचें मान सारखेंच घ्यावें. प्रस्थापासून पुढें मात्र पातळ व ओलीं द्रव्यें दुप्पट घ्यावीं. तुला या मानास ही दुप्पट लागू नाहीं, असा अपवादही त्यानें सांगून ठेविला आहे. हा अपवाद मोठा सूचक आहे. तुला म्हणजे तराजू, आणि तराजूवरून नांव मिळालेलें मान वजनाचेंच असणार. प्रस्थ, आढक, द्रोण हीं मात्र भांड्यांचींही नांवें आहेत. यावरून असें अनुमान निघतें कीं, मुळांत कोरड्या व हलक्या द्रव्यानें भरलेल्या भांड्याचें वजन पळांत ठरविलें असावें; तेंच भांडें पातळ द्रव्यानें भरलें तर वजन बरेंच वाढतें, म्हणून दुपटीचा नियम आला असावा. हें अनुमान बरोबर असेल तर द्रवद्वैगुण्य म्हणजे माप व वजन यांची सांगड घालण्याचा जुना, स्थूल पण उपयुक्त असा तोडगाच होय. पोथींत ‘तेल प्रस्थ १’ असें दिसलें म्हणजे प्रथम हा नियम तेथें गृहीत आहे कीं नाहीं तें पाहावें, मग तोळे काढावेत.

याहूनही बारीक विचार कौटिलीय अर्थशास्त्रांत आहे. हा ग्रंथ १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केला. त्यांतील वजनमापांच्या अध्यायांत द्रोणाचें मान उडदाच्या वजनावरून बांधलें आहे, व तेंही एकच नाहीं. सरकारांत भरणा घेण्याचा द्रोण २०० पळांचा, व्यवहाराचा १८७॥ पळांचा, चाकरांस शिधा देण्याचा १७५ पळांचा, आणि अंतःपुराच्या खर्चाचा १६२॥ पळांचा. घेतांना मोठें व देतांना लहान, ही मापांची नीति येथें उघड लिहिली आहे. तेलातुपाकडे वळल्यावर तोच ग्रंथकार सांगतो कीं तुपाचा वारक ८४ कुडवांचा व तेलाचा ६४ कुडवांचा. म्हणजे पदार्थ बदलला कीं त्याच नांवाचें भांडें बदलतें.

पण खरी लक्षांत घेण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. गिऱ्हाइकास तूप देतांना बत्तिसावा हिस्सा व तेल देतांना चौसष्टावा हिस्सा अधिक द्यावा, असें सांगून या वाढाव्यास त्यानें ‘तप्तव्याजी’ हें नांव दिलें आहे. शिवाय पातळ पदार्थ मापांत चिकटून राहतो किंवा सांडतो, त्याबद्दल पन्नासावा हिस्सा ‘मानस्राव’ म्हणून वेगळा. तप्त म्हणजे तापलेलें. तेल तापलें कीं फुगतें. माप तेवढेंच भरतें, पण आंत माल कमी असतो. घट्ट तूप वितळलें म्हणजे तें त्याहून अधिक फुगतें, म्हणून त्यास दुप्पट वाढावा. आजच्या मोजणीप्रमाणें खाण्याचें तेल उष्णमान एक अंश शतमानानें वाढलें कीं हजारीं सुमारें पाऊण हिश्शानें फुगतें. चौसष्टावा हिस्सा म्हणजे शेंकडा १.५६, म्हणजे सुमारें एकवीस अंशांच्या फरकाइतका. दख्खनच्या पठारावर हिंवाळ्याची पहाट व उन्हाळ्याची दुपार यांत इतका फरक सहज पडतो. कौटिल्यानें असें गणित केलें होतें असें आमचें म्हणणें नाहीं. मेळ योगायोगाचाही असेल. तथापि कैली व्यवहारांत उष्णतेमुळें गिऱ्हाइकाचें नुकसान होतें हें त्यानें जाणलें होतें व त्याची भरपाई नियमानें ठरविली होती, इतकें निःसंशय.

आतां आपल्याकडील शेराकडे येऊं. महाराष्ट्रांत शेराचे ७२ टांक मानीत. शेराचा आठवा भाग तो नवटाक. बहात्तराचा आठवा भाग नऊ, हें त्या शब्दांतच लिहिलेलें आहे. टांक हें वजन. असें असून नवटाक, पावशेर, अच्छेर हीं नांवें दुधातेलाच्या मापांसही सर्रास लागलीं. अर्थात् वजनाचें नांव मापावर चढलें. पण तें चढवितांना भांडें कशानें भरून ठरविलें, पाण्यानें, तेलानें कीं धान्यानें, हें नांवावरून कळत नाहीं. या तिहींचे परिणाम वेगवेगळे होतात. ८० तोळे पाणी मावेल असें केलेल्या मापांत तेल ७३.६ तोळे मावतें. ८० तोळे तेल मावेल असें केलेल्या मापांत पाणी सुमारें ८७ तोळे मावतें. धान्यावरून ठरविलेल्या मापाचें तर विचारूंच नये. दाण्यांच्या मधील पोकळी, मापावर लावलेली शीग, दाणा जुना कीं नवा, या सर्वांनीं आंकडा हलतो. आणि तेलास तर शीग लागतच नाहीं. म्हणून ‘अमक्या गांवच्या शेरांत इतके तोळे तांदूळ मावे’ अशी माहिती मिळाली तरी ती तेलाच्या हिशेबास जशीच्या तशी लावूं नये.

इंग्रजी अमलांत हा घोळ काढण्याचे प्रयत्न झाले. १८३३ च्या बंगालच्या कायद्यानें १८० ग्रेनांचा तोळा ठरला. त्याचे ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण हें कोष्टक पुढें दूरवर पसरलें. आजच्या हिशेबानें हा तोळा ११.६६ ग्रॅमचा व शेर ९३३ ग्रॅमचा. १८७१ च्या कायद्यानें तर शेर म्हणजे एक किलोग्रॅम, व मापाचा मूळ घटक म्हणजे तितक्या वजनाचें पाणी ज्यांत मावेल तें माप, असें ठरविलें. माप आणि वजन यांस पाण्याच्या द्वारें जोडणारी ही व्याख्या अत्यंत स्वच्छ होती, पण तो कायदा कागदावरच राहिला. मुंबई इलाख्यांत १९३२ सालीं वजनमापांचा वेगळा कायदा झाला. स्वतंत्र भारतांत १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति स्वीकारली गेली व १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानें अमलांत आली. तेव्हां १८३३ पूर्वींच्या कागदांस ८० तोळ्यांचा शेर डोळे मिटून लावणें चुकीचें, आणि त्यानंतरच्या कागदांसही स्थानिक माप पाहिल्यावांचून तो लावणें धाडसाचें.

हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा आहे असेंही नाहीं. १९५६ नंतर वजनमापें एक झालीं, पण तेल फुगावयाचें थांबलें नाहीं. तेलाच्या पिशव्यांवर माप छापतांना कांहीं कारखानदार साठ अंश शतमानापर्यंतचें उष्णमान लिहीत. २०२२ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें त्यांस सांगितलें कीं, उष्णमानाचा उल्लेख न करतां माप लिहावें व जोडीस वजनही लिहावें. त्या वेळीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें एक लिटर सोयाबीनचें तेल २१ अंशांवर ९१९.१ ग्रॅम भरतें, व ६० अंशांवर ८९२.६ ग्रॅम. फरक २६.५ ग्रॅमचा, म्हणजे शेंकडा २.९. तप्तव्याजीचें नांव गेलें, कारण राहिलें. याच आंकड्यांवरून आणखी एक गंमत दिसते. आजचें लिटरभर तेल जुन्या तोळ्यांनीं सुमारें ७९ तोळे भरतें. म्हणजे ८० तोळ्यांच्या वजनी शेरास एकच तोळा कमी. ‘शेर’ म्हणत होतों तेवढेंच तेल आपण आज ‘लिटर’ म्हणून आणतों.

वरील विवेचनावरून कैली नोंद वजनांत आणण्याची रीत येणेंप्रमाणें ठरते. पहिली गोष्ट, नोंद कैली आहे कीं वजनी हें मूळ कागदावरून निश्चित करावें. नकलेवर विसंबूं नये. दुसरी, माप कोणाचें, कोणत्या पेठेचें किंवा संस्थेचें, हें त्याच दफ्तरांत शोधावें. तिसरी, तेल कोणतें तें पाहावें. तीळ, करडई, खोबरेल यांस ०.९२ हा गुणक चालतो, जवसास ०.९३, पण एरंडेलास ०.९६ घ्यावा लागतो. भुईमूग हें पीक मूळचें अमेरिकेंतील; तेव्हां जुन्या कागदांत नुसतें ‘तेल’ दिसल्यास आजच्या संवयीनें भुइमुगाचें समजूं नये. चौथी, ऋतूमुळें शेंकडा एक-दीडपर्यंत फरक पडूं शकतो. म्हणून उत्तर तोळ्याच्या अपूर्णांकांपर्यंत देण्याचा हव्यास धरूं नये. पांचवी व सर्वांत महत्त्वाची, माप मिळालेंच नाहीं तर आंकडा कैलीच ठेवावा व तसें स्पष्ट लिहावें. चुकीच्या वजनापेक्षां खरें माप बरें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति आहे. जुन्या वाड्यांतून व देवळांतून पळ्या, नवटाकीं, पावशेर, अच्छेर अशीं तांब्यापितळेचीं मापें अजून निघतात. पुष्कळदां तीं घासूनपुसून चकचकीत केलीं जातात, चेपलेलीं ठोकून नीट केलीं जातात, व कडा फुटली असल्यास डाग दिला जातो. असें केल्यानें भांडें देखणें होतें, पण साक्षीदार मुका होतो. मिळालेलें माप आहे तसें ठेवावें. कोरड्या मापाचा तराजूवर धडा करून त्यांत काठोकाठ स्वच्छ पाणी भरावें व पाण्याचें वजन ग्रॅममध्यें लिहावें. पाण्याचें उष्णमानही नोंदावें. मापावर ठसा, नांव किंवा खूण असल्यास तिचा छाप घ्यावा. आणि तें माप ज्या घरांतून अथवा देवळांतून आलें तेथील कागदांचा रुमाल असेल तर त्या दोहोंची ताटातूट होऊं देऊं नये. माप एका संग्रहांत व कीर्द दुसऱ्या संग्रहांत गेली म्हणजे दोन्हीही अर्धीं होतात.

एवढी टिपणें पांच-पंचवीस ठिकाणांहून गोळा झालीं तर पेठवार कोष्टक करतां येईल व आजवर छापलेल्या कित्येक आंकड्यांची फेरतपासणी होईल. ती होईपर्यंत ‘शेर’ हा शब्द दिसतांच क्षणभर थांबावें व विचारावें : हा शेर कोणाचा, कशाचा, आणि मापाचा कीं तराजूचा? पाटणच्या मठानें हा प्रश्न आठशें वर्षांपूर्वीं दगडावर कोरून सोडविला होता. आपण तो निदान कागदावर तरी विसरूं नये.